धार सोडीन

बेटेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक पाडा आहे. तिथल्या ठमीला लिहिता-वाचता येत नव्हतं; पण माणसांची नोंद ठेवण्यात तिचा हात धरील असा कारकून पालघरच्या कचेरीतही सापडला नसता. कोण कुणाच्या अंगणात किती वेळ बसला, कोण बोलताना जमिनीकडे बघतो, कुणाची सून कुणाच्या सुनेला टाळून पाण्याला जाते, सगळं तिच्या डोक्यात आपापल्या खात्यावर जमा असे. त्या वैशाखात, म्हणजे सदुसष्ट साली, तिच्या नोंदीत एक्कावन्न माणसं होती. जंगल कामगार सोसायटीचे सभासद एक्कावन्न, आणि अध्यक्षपदाला उभा होता तिचा नवरा मंगळ्या.

तिच्या हिशेबाने एकवीस जण नवशाचे होते. नवशा जुना अध्यक्ष. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी, आणि ठेकेदाराने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर अंगठा उठवायला सदा तयार. वीस जण मंगळ्याचे. मंगळ्या अंगठा उठवण्याआधी कागद तिघांकडून वाचून घ्यायचा, आणि तिघांचं वाचन जुळलं नाही तर चौथा शोधायचा, हे लोकांनी पाहिलं होतं. उरलेले दहा जण कधी या अंगणात तर कधी त्या. त्या दहांना अंगठ्याचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता: मंगळ्याच्या गळ्यातल्या कंठीचं काय?

तीन वर्षांपूर्वी गुजरातेकडचा एक साधू बोईसरला येऊन राहिला होता. मंगळ्या चार संध्याकाळी त्याच्याकडे बसला आणि पाचव्या संध्याकाळी गळ्यात लाकडी मण्यांची कंठी घालून आला. दारू बंद, कोंबडी बंद, मासा बंद. दारूला नुसतं बोट लागलं तरी कंठी तुटली, असा साधूचा नेम. पाडा हसला. ठमी हसली नाही. कंठीच्या आधी तिच्या घरात वर्षाला सहा-सात मडकी फुटत. त्यातली दोन-तीन तिच्या अंगावर. कंठीनंतर एकच मडकं फुटलं होतं, आणि तेही मांजराने पाडलं. साधूचा देव कोण हे तिने कधी विचारलं नाही. मडकी मात्र मोजली.

पण सोसायटीच्या अध्यक्षाला एक काम असतं, जे सोसायटीच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. दिवाळीआधी वाघबारस होते, वाघदेवाची पूजा होते, आणि मग जंगलाचा जो तुकडा सरकारने तोडायला दिलेला असतो तो कूप उघडतात. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी अध्यक्षाने मोहाच्या दारूची धार सोडायची. पूर्वी पाड्याचा पुढारी सोडायचा, सोसायटी झाल्यावर अध्यक्ष सोडू लागला. धार सोडली की त्या मोसमात झाड कुणावर पडत नाही, वाघ वाटेत बसत नाही. सरकारची दारूबंदी होती, पण त्या घटकेला फॉरेस्टचा गार्ड आभाळातली पाखरं बघायचा. नवशा धार फार सुंदर सोडायचा, हे त्याचे वैरीही मान्य करत. उरलेली पोटात सोडायचा, तीही तितकीच सुंदर.

सोसायटीचे पगारी चिटणीस बळवंतराव सावे समुद्राकडचे, वाडीवाले. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला जंगलातल्या देवांचं भय कसं असणार? ते सायकलवरून पाड्यावर यायचे, वर्तमानपत्र उलगडायचे आणि मोठ्याने वाचायचे. त्या दिवसांत दिल्लीत राष्ट्रपती निवडायचा होता. उभ्या राहिलेल्यांत एक जण मुसलमान होता, आणि तो चालेल की नाही यावर वर्तमानपत्राने रकाने भरले होते. बळवंतरावांना हा दाखला आभाळातून पडल्यासारखा वाटला. ते सगळ्यांना समजावून सांगू लागले, की बघा, एवढ्या मोठ्या देशाच्या खुर्चीलाही तोच प्रश्न पडलाय, आणि घटनेत उत्तर लिहून ठेवलंय. धर्म ज्याचा त्याच्या घरी. खुर्चीवर माणूस बसतो, देव बसत नाही.

जिव्या भगत कोपऱ्यात विडी वळत होता. पाड्याचा भगत तो. कुणाला काय बाधलं, कुणामुळे बाधलं, हे तांदळाचे दाणे टाकून तोच सांगायचा. त्याने विचारलं, "सावेभाऊ, तो दिल्लीवाला कंच्या देवाला धार सोडंल?"

बळवंतराव म्हणाले, की तिथे धार नसते, शपथ असते. संविधानाची शपथ घ्यायची, संविधान म्हणजे पुस्तक.

"मंग बरोबर हाय," जिव्या म्हणाला. "पुस्तक कुनावर पडत नाय."

दहाच्या दहा जण हसले. ठमीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि दोन माणसं आपल्या खात्यातून कमी केली.

हसण्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. तिला दुसरंच दिसत होतं. मंगळ्या अध्यक्ष झाला आणि त्याने धार सोडली, तर कंठी तुटणार, बाटली घरात येणार, मडकी फुटणार. आणि नाही सोडली, तर? जंगलात माणसाला काय कमी होतं? फांदी पडते, कुऱ्हाड निसटते, साप निघतो. दर मोसमाला काही ना काही होतंच. इतकी वर्षं ते नुसतं व्हायचं. आता ते कुणामुळे तरी होणार होतं. मंगळ्यामुळे कुणी म्हणणार नाही. तो पुरुष, वर अध्यक्ष. जिव्या दाणे टाकेल, आणि दाणे अध्यक्षाच्या बायकोच्या दारात येऊन थांबतील. बाईने नवऱ्याला देवापासून तोडला. बाई भुताळी.

हा शब्द ठमी मनातसुद्धा हळूच उच्चारायची. तिची चुलतबहीण सोमी पलीकडच्या पाड्यावर नांदत होती. दोन बैल आणि एक पोर एका महिन्यात गेलं, आणि सोमीचं नाव निघालं. घर जाळलं. सोमी जिवानिशी सुटली ती तारापूरला, अणुशक्तीच्या बांधकामावर खडी उचलायला. तिथे मुकादम हिंदीत शिव्या द्यायचा, पण भुताळी म्हणायचा नाही, एवढं सुख.

सभा चिंचेखाली झाली. तोवर दिल्लीचा निकाल लागला होता. तो मुसलमान गृहस्थच राष्ट्रपती झाला होता, आणि बळवंतराव जणू आपणच निवडून आल्यासारखे वर्तमानपत्र हलवत होते. नवशा बोलला. मंगळ्या बोलला. मग जिव्याने उठून सगळ्यांदेखत विचारलं, कूप उघडेल तेव्हा धार कोण सोडेल?

कंठीचा एक मणी मंगळ्याने दोन बोटांत धरला.

"मी आध्यक्ष झालो तर धार मीच सोडीन," तो म्हणाला.

चिंचेखाली कुजबुज झाली. खुर्चीपुढे कंठी वितळली, असं कुणीतरी म्हणालं; पण त्यात राग नव्हता, उलट सुटका होती. बळवंतरावांनी वहीत लिहून घेतलं: धार सोडण्याचे उमेदवाराने मान्य केले. हात वर झाले. नवशाला तेवीस, मंगळ्याला अठ्ठावीस. ठमीने सव्वीस धरले होते. तिचा हिशेब दोन हातांनी चुकला, आणि असं चुकण्यात आनंद असतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

आनंद भाकरी होईपर्यंत टिकला. ताट वाढताना तिने विचारलं, की कंठी कधी उतरवणार, साधूला सांगावं लागेल का?

"कंठी कशाला उतरवू?"

"धार सोडशील बोलला ना तू."

"हो. दारू सोडली, मांस सोडलं, मासा सोडला. तशी धार पन सोडीन." त्याने भाकरी मोडली. "खोटं नाय बोललो मी."

ठमीला आधी हसू आलं, मग हातातली भाकरी तिने परत टोपलीत ठेवली. एकाच शब्दावर अठ्ठावीस माणसांनी हात वर केले होते. त्यांना वाटलं तो ओतणार. तो म्हणत होता टाकणार. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. चौदा वर्षं तिने त्याला भोळ्यांच्या खात्यावर लिहिलं होतं. आता त्याचं खातं बदलावं की राहू द्यावं, हे तिला ठरवता येईना. तो शांतपणे जेवत होता. लबाड माणूस इतका शांत जेवत नाही. पण इतका शांत जेवणारा लबाड तिने पाहिलाही नव्हता.

"लोकांना सांग," ती म्हणाली.

"ईळ आली की सांगीन."

वेळ आली नाही. पावसाळा आला, गेला, भातं पिकली. ठमी मात्र रोज सकाळी एक गोष्ट मोजू लागली. श्रावणाच्या सुमाराला ती बोईसरच्या आठवडी बाजारात सोमीला भेटली होती. दोघी सुक्या मासळीवालीच्या मागे बसल्या, आणि ठमीने विचारलं, की तुझं नाव निघायच्या आधी तुला कळलं होतं का? सोमी म्हणाली, कळलं होतं, पण समजलं नव्हतं.

"आदी इस्तू न्यायचा बंद झाल्या बाया," सोमी म्हणाली. "माज्या चुलीतला इस्तू कोन नेईना. मी मनात बोलली, बरं झालं, लाकडं वाचली."

तेव्हापासून ठमी विस्तव न्यायला येणाऱ्या बायका मोजत होती. पूर्वी सकाळी पाच-सहा जणी खापरी घेऊन यायच्या, दोन निखारे न्यायच्या, जाता जाता दोन घरच्या बातम्या ठेवून जायच्या. भाद्रपदात चार झाल्या. आश्विनात तीन. पण त्यात एक मोठी गोम होती. बोईसरच्या बाजारातली काडेपेटी आता घराघरात परवडू लागली होती. जिव्याची सून तानी तर काडेपेटी कमरेला खोचून हिंडायची, दागिना घातल्यासारखी. मग बायका येत नव्हत्या त्या काडेपेटीमुळे की ठमीमुळे? हे कुणाला विचारायचं? विचारणारीच आधी संशयात पडणार. ठमी चुलीशी बसून राहायची आणि निखाऱ्यावर राख चढताना बघायची.

आश्विनात जिव्याची शेळी मेली. वाटेत ठमी भेटली तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "बाय, घरधनी तुजं आयकतो, आसं बोलतात."

तेवढंच. ठमी घरी येऊन पाणी प्यायली आणि तिने ठरवलं, की वेळ येण्याची वाट बघत बसलं तर वेळ आपल्यालाच घेऊन जाईल.

नवऱ्याकडून ती एक गोष्ट शिकली होती: एकाच वस्तूला दोन कान असले की ती दोघांनाही उचलता येते. ती आधी जिव्याकडे गेली. विचारलं, मोहाच्या दारूऐवजी ताडीची धार चालेल का? जिव्याने विचार करून सांगितलं, की चालते. त्याच्या आज्याने एका वर्षी मोह फुलला नव्हता तेव्हा ताडीचीच सोडली होती. मग ती मंगळ्याकडे आली. विचारलं, पहाटे ताडावरून उतरवलेली गोड नीरा चालेल का? नीरा तर सरकार परवाना देऊन विकतं, ती काय दारू आहे? मंगळ्या बोईसरला साधूकडे जाऊन आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, की गोड असेपर्यंत चालेल. झाडाचं दूध झाडाला.

बळवंतरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, की मडक्याला आतून चुना लावा, नीरा दुपारपर्यंत आंबणार नाही, वाडीवर आम्ही तसंच करतो. पण ते हे जिव्यासमोर म्हणाले. जिव्या विडी विझवून म्हणाला, "म्हंजे आता देवाला चुना लावायचा?" तिथेच चुन्याचा विषय संपला.

म्हणजे सगळं वेळेवर आलं. सूर्य उगवायच्या आत मडकं उतरवायचं, ऊन चढायच्या आत धार सोडायची. तोवर ती जिव्याची ताडी आणि मंगळ्याची नीरा, दोन्ही. पुढे फक्त ताडी.

कूप उघडायच्या दिवशी चव्वेचाळीस कुऱ्हाडी डोंगरावर चढल्या. बायकाही गेल्या. पहिलं झाड ऐनाचं, सरळ, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. मडकं पाड्यातल्या झिपरूने ताडावरून उतरवलं होतं. ठमीने त्यावर ओला फडका बांधला आणि सावलीत, दगडांच्या मध्ये ठेवलं. दव होतं, गारवा होता. सगळं जमून आलं होतं. नव्हता आला तो तोडीच्या परवान्याचा कागद. तो बळवंतरावांच्या खिशात होता, आणि बळवंतराव सायकलवर होते. परवान्याशिवाय कुऱ्हाड लागणार नव्हती, आणि कुऱ्हाड लागणार नसेल तर धार आधी सोडून उपयोग नाही. धार आणि पहिला घाव एका दमात.

ऊन ऐनाच्या शेंड्यावर आलं. मग पहिल्या फांदीवर. माणसं विड्या ओढत बसली. ठमी मडक्याशेजारी बसली होती आणि ऊन खोडावरून खाली उतरताना बघत होती. फडक्याखाली काहीतरी फुसफुसलं. तिने कान लावला. मडक्यात बारीक बारीक बुडबुडे एकमेकांशी बोलत होते. फडका मध्यभागी किंचित उचलला गेला होता. तिने त्यावर पाणी शिंपडलं. पलीकडून नवशा बघत होता. जिव्याही बघत होता, त्याने दाण्यांची पुरचुंडी कमरेला लावलेली होती. मंगळ्या एकटाच वाटेकडे तोंड करून उभा होता.

ऊन बुंध्याला टेकलं तेव्हा बळवंतराव सायकल हाताने ढकलत, घामाघूम होऊन आले. टायर काट्याने फुटला होता. परवाना निघाला, गार्डने पाहिला, आणि सवयीने आभाळाकडे मान वळवली.

मंगळ्या पुढे आला. त्याने फडका सोडला. फेस मडक्याच्या काठावर आला आणि बाहेर ओघळला. वास सगळ्यांपर्यंत गेला. दोन-तीन जणांच्या नाकपुड्या ओळखीने हलल्या. मंगळ्याने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो मागे घेतला.

"ही आता माज्या हातची नाय," तो म्हणाला. "मी चिंचेखाली बोललो होतो धार सोडीन. सोडली. कंठी घातली तवाच सोडली."

अठ्ठावीस माणसं आपापल्या डोक्यात तो शब्द उलटा-सुलटा करून बघत होती. बळवंतरावांनी वही काढली, त्यातलं ते वाक्य वाचलं आणि वही मिटली. नवशा हसत हसत उठला, कासोटा नीट केला, मडक्याकडे निघाला. तो पोचला असता तर धार झाली असती, लोक शांत झाले असते, आणि संध्याकाळपर्यंत अध्यक्ष पुन्हा नवशाच झाला असता. पण ठमीला ते दिसत नव्हतं. तिला जिव्याचा हात पुरचुंडीकडे गेलेला दिसत होता.

ती उठली. नवशाच्या आधी तिने मडकं उचललं. ते जड होतं, फेस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"बाईमानसाच्या हातून धार?" नवशा म्हणाला.

"जिव्याबाबा," ठमी नवशाकडे न बघता म्हणाली, "ह्या मोसमात कुनाला काय झालं तर नाव कोनाचं निघंल?"

जिव्याने पुरचुंडीची गाठ चाचपली.

"माजंच निघंल ना. मंग हात पन माजाच ऱ्हाऊ दे."

जिव्याने तिच्याकडे पाहिलं. मग पुरचुंडीवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. ठमीने मडकं तिरकं केलं. धार बुंध्याशी पडली, एका रेषेत, न तुटता. इतकी वर्षं नवशाची पाहून पाहून तिला ती येत होती. मंगळ्याने कुऱ्हाड उचलली आणि त्याच दमात पहिला घाव घातला. दुपारी ऐन कडकडत खाली आला, जिथे यायला हवा होता तिथेच.

संध्याकाळी ठमी पाड्याच्या तोंडाशी उभी राहून खांद्यावरच्या कुऱ्हाडी मोजत होती. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस आणि त्रेचाळीस बोलत बोलत आले. मग वाट रिकामी झाली. तिने पुन्हा आठवून मोजलं. त्रेचाळीसच. मंगळ्या काहीतरी विचारत होता, ते तिला ऐकू आलं नाही. वाटेवरच्या आंबेराईच्या अंधाऱ्या कडेकडे बघता बघता तिला सोमीची खडीची पाटी आठवली, तिचा वेत, तिचं वजन.

मग झिपरू आला. कुऱ्हाड खांद्यावर, मडकं काखेत, पाय स्वतःच्या मर्जीने चाललेले. धारेतून उरलेली ताडी वाया जाऊ नये म्हणून तो मागे राहिला होता. एरवी ठमीने त्याला चार शब्द सुनावले असते. आज तिने त्याच्या काखेतून मडकं काढून घेतलं, ते अख्खं आहे का बघितलं, आणि दारापाशी पालथं घातलं. मंगळ्या त्या मडक्याला वळसा घालून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने चूल लवकर पेटवली. निखारे चांगले लाल झाले. पहिली रखमा आली. ती शेजारची, ती मोजण्यात नव्हती. मग बराच वेळ कुणी आलं नाही. अंगणात उजाडलं. ठमी निखाऱ्यांवरची राख फुंकत राहिली.

दारात सावली पडली. जिव्याची सून तानी खापरी घेऊन उभी होती. काडेपेटी कमरेला होतीच, नेहमीच्या जागी.

"इस्तू दे," तानी म्हणाली.

ठमीने काडेपेटीकडे पाहिलं. सासऱ्याने हिला बघायला पाठवलं होतं की बाकीच्या बायकांना दाखवायला, हे तानीच्या तोंडावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. कदाचित तानीलाही सांगितलेलं नव्हतं. ठमीने चिमट्याने दोन निखारे उचलून खापरीत टाकले. थोडी थांबली आणि तिसराही टाकला.

"उद्या पन ये," ती म्हणाली.

तोडीचा मोसम संपायला, म्हणजे शिमग्याला, अजून चार महिने होते, आणि डोंगरावर कुऱ्हाडींचा आवाज सुरू झाला होता. ती चुलीशी बसल्या बसल्या घाव ऐकत राहिली.